फुगेवालीची वाकडी माशी

हिराक्का वरडली न्हाई. नुसती खाली बसली. पत्र्याची तार तिच्या हातातनं सुटली, पत्रा गरगर फिरला, आन् तिनं दोन्ही हात उजव्या डोळ्यावर दाबून धरले. मी चाळीस पावलांवर उभी, बंदूक माझ्या खांद्याला. पत्रा वाजलाच न्हाई, ह्ये मला आदी कळलं. मंग तिच्या बोटांच्या फटीतनं रगत आलं ते दिसलं.

सकाळचे आठ चाळीस. दसरा. फणसावरची वानरं हालली बी न्हाईत.

म्या बंदूक टाकली आन् पळाले. पळतापळताच मला कळलं हुतं का ह्ये कशानं झालं. आदल्या दिवशी म्या जे केलं त्याच्यानं झालं. आन् ते मी सोडून दुनियेत कुणालाच ठावं न्हवतं. आजवर न्हाई. आज पयल्यांदा लिवते, अक्षर वाकडं येतंय, गुरुजींनी समजून घ्यावं.

सुभेदारसाहेब वारले त्याला चार महिने झाले. त्यांच्या नावानं शाळा पुस्तक काढतेय. त्यांच्या हाताखाली ज्यांनी काम केलं त्यांनी आठवणी द्या म्हणून गुरुजी घरोघर फिरले. फौजेतल्या लोकांनी बर्फाच्या, बॉर्डरच्या आठवणी दिल्यात. मला म्हणले, "शोभा, तू बी लिव. तुमी सहा बाया म्हंजे साहेबांची शेवटची पलटण." मी म्हणले, "गुरुजी, मी सातवीतनं शाळा सोडल्याली." ते म्हणले, "बोलतीस तसं लिव." तर बोलते तसं लिवते.

आमी काय फौजी न्हवतो. मुळशीच्या पाण्याच्या वरच्या अंगाला डोंगरात एक बंगल्यांची कॉलनी झाली, शनवार-रयवारी पुण्या-मुंबईचे मालक येणार, बाकी दिस समदं बंद. तितं सिक्युरिटी म्हणून सहा बाया ठेवल्या आन् त्यांच्यावर सुपरवायझर म्हणून रिटायर सुभेदार. मी दोन हजार चारला लागले. पोरीच्या येळी पोट दिसाया लागलं तवा घरी बसले, आरती चार महिन्यांची झाली तशी परत आले. माझा मालक मारुंजीला बिल्डिंगच्या कामावर पडला हुता, पाय प्लास्टरात, मंग बसून कसं चालंल.

साहेब अठ्ठावीस वर्सं फौजेत हुते. पयल्या दिवशी आमी पदर सावरत, एकमेकीच्या मागं लपत उभ्या. निळी पँट आन् निळा शर्ट घालून गावातनं यायची लाज वाटायची, आमी वर शाल घेऊन यायचो. साहेब म्हणले, "शाल थंडीसाठी असते. आज थंडी हाय का? न्हाई ना? मंग घडी करा." बस. त्या दिसापासनं शाल गेली.

सहा पंचेचाळीसला फॉलिन, म्हंजे रांगंत हुबं ऱ्हाऊन हजेरी. सातला पोस्ट. प्रत्येकीला नंबर. मी तीन नंबर, हिराक्का चार, लता पाच. नावानं हाक ड्युटी संपल्यावर. वॉकीटॉकी चार हुते, त्यात बोलायचं कसं ते बी शिकवलं. आदी आपला नंबर, मंग काम, मंग ओव्हर. लता सुरवातीला त्यात "आगं ऐक की" म्हणायची. साहेब पलीकडनं म्हणायचे, "पाच नंबर, हितं 'आगं' कुणी न्हाई. ओव्हर."

चोर कदी आला न्हाई. आमची खरी लढाई वानरांशी. काळतोंडी वानरं, चाळीस-पन्नासाची टोळी. बंद बंगल्याची खिडकी उचकटायची, किचनमधी जाऊन समदं उलथं करायची. एका बाईसाहेबांचा नवा फ्रिज उघडा टाकून गेली, आत शेपटाचे केस. हिंजवडीत कामाला असलेले एक साहेब तर फोनवर वरडायचे, "शूट करो ना यार!" पण वानराला मारणार कोण? मारुतीचं रूप. पाप बी आन् गुन्हा बी.

सुभेदारसाहेबांनी उपाय काढला. गोड्या तेलाच्या डब्यांचे पत्रे सरळ करून झाडाझाडाला तारेनं टांगले, माणसाच्या तोंडाच्या उंचीला. वानरं आली का लांबनं एअर रायफलनं पत्र्यावर छर्रा मारायचा. ठण्णकन वाजतंय, वानराला कळत न्हाई कुठनं आलं, टोळी निघून जातीय. पण म्हंजे नेम पत्र्यालाच बसाया पायजे. वर गेला तर वानर, बाजूला गेला तर बंगल्याची काच.

बंदुका तीन, तिन्ही जुन्यापुराण्या. साहेबांनी कुठनं कुठनं जमवल्या हुत्या.

एक साहेबांची सोताची, विलायती, मला उचलून धरताना घाम फुटायचा येवढी जड. तिला मागं एक चकती, चकतीला बारीक भोक. त्या भोकातनं बघायचं, पुढच्या टोकाला गोल कडं, कड्यात पत्रा आला का दाबायचं. दुसरी जर्मन. तिच्या दस्त्याला चीर गेल्याली, ती सुतळीनं आवळल्याली. मागं खाच, पुढं माशी, म्हंजे नेम धरायची बारीक दांडी, माशीवर छोटं टोपण, ऊन लागून डोळे दिपू नयेत म्हणून. लता तिला सासूबाय म्हणायची. "हिचा धक्का नेम धरणाऱ्यालाच बसतो, समोरच्याला काय बी होत न्हाई," असं म्हणायची आन् खांदा चोळायची.

तिसरी फुगेवाली. खरंच फुगेवाल्याकडनं घेतल्याली, जत्रंत फुगे फोडायचा स्टॉल असतोय ना, त्यातली. ती माझ्या वाट्याला.

कोणती बंदूक किती खरी ह्ये बघायला साहेबांनी एक अख्खी सकाळ घालवली. जुन्या कॅलेंडराची पानं उलटी करून पुठ्ठ्याला लावली, मधी कोळशानं टिंब. वीस पावलं मोजली. प्रत्येक बंदुकीचे पाच छर्रे, तेच छर्रे, तोच माणूस, बसून, वाळूच्या पिशवीवर टेकून. आमी मागं बसून बघतोय.

साहेबांची भोकवाली: पाची छर्रे रुपायाच्या नाण्याखाली झाकले. जर्मन: चहाच्या ग्लासाच्या बुडायेवढ्या जागंत. मंग फुगेवाली. पयला छर्रा टिंबाच्या उजवीकडं चार बोटं. दुसरा बी. तिसरा बी. लता हसाया लागली. "साहेब, हिला जत्रंतच पाठवा." साहेबांनी पाच पुरे केले, पान काढून आणलं आन् आमाला दाखवलं. पाची भोकं जर्मनसारखीच जवळजवळ, फक्त समदी उजवीकडं.

"काय दिसतंय?" साहेब.

"हुकले," लता.

हिराक्का बोलली, "हुकले कसं? एकाच जागी बसल्यात की."

साहेबांनी पयल्यांदा हसून बघितलं तिच्याकडं. "शाब्बास, चार नंबर. भोकांचा ग्रुप घट्ट हाय म्हंजे बंदूक खरी हाय. साईट खोटी हाय." मंग नळीच्या टोकाची माशी दाखवली. बारीक दांडी, आन् ती डावीकडं वाकल्याली, नीट बघितलं तर दिसायची. फुगेवाल्यानं मुद्दाम वाकवल्याली, म्हंजे गिऱ्हाईकाचा फुगा फुटू नये. माशी डावीकडं वाकली का छर्रा उजवीकडं जातोय, ते साहेबांनी काडी धरून समजावलं.

मी म्हणले, "मंग सरळ करा की, साहेब. पक्कड हाय."

"न्हाई." साहेब पटकन म्हणले. "जुनं लोखंड हाय. सरळ करताना तुटंल न्हाईतर ढिलं होईल, रोज जागा बदलंल. रोज तेवढीच चुकणारी बंदूक चालते मला. आज एक, उद्या दुसरी चूक करणारी चालत न्हाई. बंदूक सुधारायची न्हाई, ओळखायची. ऑर्डर हाय, साईटला कुणी हात लावायचा न्हाई."

मंग आमी ओळखली. वीस पावलांवर चार बोटं डावीकडं धरायचं, चाळीसवर एक वीत डावीकडं. वीत म्हंजे पत्र्याच्या बी भाईर नेम, डोळ्याला लई खोटं वाटायचं. पण दाबलं का ठण्ण. म्हैनाभरात हातालाच सवय झाली. बंदूक खांद्याला लागली का नेम आपोआप डावीकडं जायचा, इचार करायची गरज न्हाई. साहेबांनी वहीत लिवलं: तीन नंबर, फुगेवाली, दहात नऊ.

हिराक्काबद्दल सांगते. ती वरच्या वाडीतली, डोंगराच्या पार टोकाची. रोज तासभर उतरून यायची. माझ्यापरीस पंधरा वर्सांनी मोठी. रानातच वाढल्याली, पानांच्या आवाजावरनं सांगायची टोळी कुटनं येतीय ते. मी ड्युटीवर आले का दुधानं अंग दुखायचं, शर्ट वला व्हायचा, मी कोपऱ्यात रडत बसायची. तिनं बघितलं आन् म्हणली, "शोबे, सासूला सांग, दुपारच्याला पोरगी गेटपाशी आन. मी हुबी ऱ्हाते तुझ्या पोस्टवर." साहेबांना ठावं हुतं. ते त्या येळेला गेटकडं यायचेच न्हाईत.

वाऱ्याचा दिवस असला का पत्रा तारेवर फिरायचा. आडवा झाला का नुसती धार दिसायची, छर्रा बसायचा न्हाई. मंग हिराक्कानं एक काढलं. ती पत्र्याच्या डाव्या बाजूला हुबी ऱ्हायची, हात वर करून तार धरायची, पत्रा माझ्याकडं सरळ. साहेबांनी बघितलं असतं तर दोघींना घरी पाठवलं असतं. पण आमी फक्त फुगेवाली असली तरच करायचो. कारण फुगेवाली डावीकडं कदीच जात न्हाई. गेली तर उजवीकडंच. हिराक्का म्हणायची, "सासूबाय असती तर मी मैलभर लांब पळाले असते. हिचं खोड ठावं हाय मला." पाच-सात येळा केलं आसंल तसं. कदी काय झालं न्हाई.

आता खंडेनवमी. दसऱ्याचा आदला दिवस, हत्यारं पूजायची. साहेबांनी सकाळच्या फॉलिनला सांगितलं, "तिन्ही रायफल साफ करा. नळी तेलाच्या चिंधीनं, दस्ता कोरड्या फडक्यानं. दुपारी तीनला पूजा." आन् ते पौडला सामान आणाया गेले.

मी फुगेवाली घेऊन नळाच्या कट्ट्यावर बसले. नळी पुसली. दस्त्याला खोबऱ्याचं तेल लावलं. लई चांगली दिसाया लागली. मंग पाटावर ठेवून बघितली, तर ती वाकडी माशी नजरंत खुपाया लागली. आमच्या घरी देवापुढं मोडकं, वाकडं काय ठेवत न्हाईत. आई नारळाची शेंडी बी सरळ करून ठेवायची. तवा मला वाटलं, आजच्या दिवशी देवापुढं असं वाकडं कसं ठेवू? लेकरू आजारी हुतं त्या आठवड्यात, मालकाचा पाय जुळत न्हवता. मनात आलं, कुठंतरी काय खोट ऱ्हायली का मंग घरात असं होतंय.

टूल बॉक्समधी पक्कड हुती. माशीला फडकं गुंडाळलं आन् हळूच दाबली. तुटली न्हाई. ढिली बी झाली न्हाई. सरळ झाली. येवढंच. सगळं मिळून दोन मिन्टं. मला लई बरं वाटलं.

साहेब आले का सांगीन असं मनात हुतं. खरंच हुतं. पण साहेब आले तवा हातात फुलं, नारळ, सगळ्यांची गडबड. तीनला पूजा झाली. झेंडूच्या माळा घातल्या, त्या माळंखाली माशी दिसत बी न्हवती. साहेबांनी तिन्ही रायफलला हळदकुंकू लावलं आन् कडक सॅल्यूट मारला. चारला पोरीला ताप म्हणून सासूचा निरोप आला. मी पळाले घरी. आन् ते डोक्यातनं गेलं. पार गेलं.

दसऱ्याच्या दिवशी आठ पस्तीसला हिराक्का वॉकीटॉकीवर आली.

"चार नंबर. टोळी नऊच्या फणसावर. ओव्हर."

"तीन नंबर. निघाले. ओव्हर."

मी फुगेवाली घेतली, माळ काढून खुंटीला अडकवली. नऊ नंबरच्या बंगल्यापाशी पोचले. वारं हुतं. पत्रा फिरत हुता. वानरं गॅलरीच्या कठड्यावर उतराया लागली हुती.

"तीन नंबर, पत्रा फिरतोय. ओव्हर."

"थांब, मी धरते."

ती गेली, डाव्या अंगाला हुबी ऱ्हायली, हात वर करून तार धरली. पत्रा सरळ झाला. मी नळी खाली दुमडून उघडली, छर्रा घातला, बंद केली. गुडघ्यावर बसले.

"तीन नंबर. नीट हाय का? ओव्हर."

"मी डावीकडं हाय. मार गं."

खांद्याला लावली. खाचेत माशी धरली. आन् हातानं आपोआप एक वीत डावीकडं नेली. बोट दाबलं गेलं आन् दाबतादाबताच मला माशी दिसली. सरळ. सुईसारखी सरळ.

पुढचं वर सांगितलं.

म्या वॉकीटॉकीत वरडले, नंबर न्हाई, ओव्हर न्हाई, नुसतं साहेब साहेब. ते तीन मिन्टात जीप घेऊन आले. हिराक्काला उचललं, डोळ्यावर स्वच्छ कापड हलकं धरलं, दाबू दिलं न्हाई. मला म्हणले, "मागं बस. डोकं मांडीवर घे. हालू देऊ नको." पौडला थांबलो, तितं म्हणले पुण्याला न्या. सबंद रस्ता हिराक्का एकच बोलत हुती, "पोरीला दूध पाजायची येळ झाली तुजी, तू कशाला आलीस." माझी पँट तिच्या रगतानं भिजल्याली आन् वर शर्ट दुधानं.

डोळा गेला.

पोलीस आले. हिराक्कानं सांगितलं, "तार म्याच धरली, मार बी म्याच म्हणले. पोरीची काय चूक न्हाई." तिला खरंच तसं वाटत हुतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहा पंचेचाळीसला फॉलिन. आमी पाच जणी. साहेबांच्या हातात फुगेवाली. त्यांनी पुठ्ठ्यावर पाच छर्रे मारून पान आणलं हुतं. पाची भोकं बरोबर मधी.

"साईटला कुणी हात लावला?"

साहेबांनी ते पान एकेकीच्या तोंडापुढं धरलं.

"मी शिक्षा देणार न्हाई. मला फक्त कळलं पायजे. ज्यानं लावला त्यानं एक पाऊल पुढं."

लतानं माझ्याकडं बघितलं न्हाई, कुणीच न्हाई बघितलं. कुणाला शंका बी न्हवती. साहेब घड्याळ बघत हुते. एक मिनिट. म्या जमिनीकडं बघितलं. माझ्या डोक्यात पोलिसाची जीप हुती आन् अंगावर पिणारी पोरगी. मला वाटलं आता पाऊल उचलंल. उचललं न्हाई.

"विश्राम," साहेब म्हणले.

मंग त्यांनी कंपनीच्या ऑफिसात लिवून दिलं. लताच्या दिरानं ते टाईप केलं म्हणून आमाला कळलं काय हुतं त्यात. रायफल पूजेनंतर टेस्ट न करता ड्युटीवर दिली. ती तपासायची जबाबदारी सुपरवायझरची. चूक माझी. खाली साहेबांची सही. त्याच आठवड्यात त्यांना काढलं. बंदुका कपाटात गेल्या. जाताना साहेबांनी आमा प्रत्येकीला सॅल्यूट केला, मला बी केला, मी बी केला.

त्यानंतर मी दीड वर्स काम केलं आन् सोडलं.

साहेब यंदा वारले, भुकूमच्या घरी, सकाळी चहा पितापिता. दहाव्याला गेले. पोरगी बरोबर हुती, आता साडेपाच वर्सांची. हिराक्का आदीच येऊन बसल्याली, डोळ्यावर काळा चष्मा. साहेबांची बायको, आमी काकी म्हणायचो, त्यांनी मला आत बोलावलं, हात धरून खाली बसवलं.

"शोभा, तू हुतीस त्या दिवशी."

"व्हय, काकी."

"यांनी कदी घरात फौजेतलं काय सांगितलं न्हाई. कोण मेलं, कोण जगलं, काय न्हाई. पण ती फुग्याची बंदूक डोक्यातनं गेली न्हाई यांच्या. रातध्याड एकच. दांडी सरळ कशी झाली? मला म्हणायचे, ती पयल्यापासनं सरळच हुती का गं? माझीच नजर गेली हुती का? म्या सहा बायांना खोटं शिकवलं का?" काकींनी माझा हात आणखी घट्ट धरला. "डोळे तपासाया गेले तीन डॉक्टरांकडं. तिघं म्हणले, नजर चांगली हाय. यांना पटलं न्हाई. सोताच्या रायफलला परत हात लावला न्हाई त्यांनी. तू सांग, चूक यांची हुती का?"

"न्हाई काकी." ह्ये मात्र म्या लगीच म्हणले. "साहेबांची चूक न्हवती."

"मंग कुणाची?"

शेजारी माझी पोरगी काकीच्या नातीबरोबर खेळत हुती. भाईर माणसं. दारात हिराक्का येऊन हुबी ऱ्हायल्याली.

म्या म्हणले, "बंदूक लई जुनी हुती, काकी."

काकींनी माझा हात सोडला न्हाई, पण त्यांच्या हातातला जोर गेला. मला कळलं ते.

येताना हिराक्का आन् मी पौड रस्त्यापर्यंत चालत आलो. ती म्हणली, "साहेब म्हैन्याला यायचे माझ्याकडं. डोंगर चढून, त्या वयात. दवा द्यायचे आन् माफी मागायचे. मी म्हणायचे, साहेब, तार तर म्याच धरली हुती. ते म्हणायचे, न्हाई हिराबाई, तपासायचं काम माझं हुतं. दोघं असं भांडत बसायचो." आन् ती हसली. "आता भांडायला बी कुणी न्हाई."

एसटी आली. ती वर चढली. मी तितंच.

साहेबांबद्दल गुरुजींनी लिवाया सांगितलं, तर मला येवढं ठावं हाय. ते येळंच्या आदी पाच मिन्टं यायचे. बाईशी बोलताना कदी बोट करून बोलले न्हाईत. चूक केली तर एकदाच सांगायचे. सहा बायांना त्यांनी मान वर करून चालाया शिकवलं, त्यातली एक मी. आन् जी चूक त्यांनी केली न्हाई ती खांद्यावर घेऊन ते साडेचार वर्सं जगले आन् तसेच गेले. काकींना आन् हिराक्काला मी तोंडानं सांगू शकले न्हाई म्हणून ह्ये लिवलं. गुरुजी, ह्यातलं काय बी काढू नका. हिराक्काला वाचता येत न्हाई, तिची नात वाचून दाखवंल. मंग ती माझ्या दारात येईल का कदीच येणार न्हाई, मला ठावं न्हाई. त्याची मला पोलिसापरीस जास्ती भीती वाटतीय.

पण तुमी वाचताय त्यांना इचारते. तुमी शिकल्याली माणसं. घरात नवरा पडल्याला, पोरगी अंगावर पिणारी, आन् फॉलिनला ते एक मिनिट चाललंय, तर तुमी बोलला असता का? आन् तवा न्हाई बोलला असता, तर दहाव्याच्या घरात त्या माऊलीनं हात धरून इचारलं, "मंग कुणाची?", तवा तुमी काय सांगितलं असतं?